आयसेलिनचं बंदर

न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या पाहुण्याला आयसेलिन दाखवायला फार वेळ लागत नाही. गार्डन स्टेट पार्कवेच्या १३१ नंबरच्या एक्झिटला उतरायचं, मेट्रोपार्क स्टेशनच्या आसपासची ऑफिसं मागे टाकायची आणि ओकट्री रोडला लागायचं. पुढचं काम रस्ताच करतो. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, चाट, पान, भुवया कोरून देणाऱ्या बायका, मधेच डबल पार्क केलेली एखादी गाडी आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणारे आपलेच देशबंधू! पुणेकराला इथं लक्ष्मी रोड आठवतो, दादरकराला रानडे रोड. मी मूळचा पालघरचा, त्यामुळे मला आठवतो सातपाटीचा मासळी बाजार. आता तुम्ही म्हणाल, आयसेलिनला कुठला आलाय समुद्र आणि कुठली आलीय मासळी?

पण मंडळी, आयसेलिनला बंदर आहे. किराणा दुकानात शिरलं की डाळी, पिठं, लोणची ओलांडून अगदी मागच्या भिंतीपाशी जायचं. फ्रोझन पराठ्यांच्या पलीकडे जे चार-पाच लांबलचक फ्रीझर दिसतात ना, तेच आमचं बंदर. झाकण सरकवलं की गार वाफ अंगावर येते आणि मग एकेक गलबत दिसायला लागतं. सुरमई, रावस, हलवा, बांगडा, मांदेली, बोंबील, कोळंबी, बंगाली शेजाऱ्यांसाठी हिल्सा, आणि बर्फाचं चिलखत घालून बसलेलं आपलं पापलेट. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही एकाच झाकणाखाली!

वीस वर्षं मी ह्या बंदरावर खरेदी करत आलो. शनिवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडायचं आणि येताना पापलेटचं एक पाकीट उचलायचं, हा आमच्या घरचा नेम. एवढ्या वर्षांत पाकिटावरच्या किमतीखेरीज मी काही वाचलं असेल तर शपथ. वाचायला लागलो ते एका मोठ्या माशामुळे. गंमत म्हणजे तो मासा मला खायला मिळाला नाही.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसात साठीच्या घरातला एक सहकारी आहे. बापजाद्यांपासून ह्याच भागात राहिलेला. आयसेलिनपासून पर्थ अँबॉय जेमतेम सात मैलांवर आहे, आणि तिथं रॅरिटन नदी समुद्राला मिळते, ही गोष्ट त्यानं मला सांगितली. नकाशात मी ती पाहिली नव्हती असं नाही. पण आपल्या नकाशात ऑफिस, कॉस्टको, देऊळ आणि नूअर्क विमानतळ सोडून बाकी सगळं पांढरंच असतं. "तू समुद्राकाठच्या गावचा आणि इथं एकदाही पाण्यावर गेला नाहीस?" असं त्यानं विचारलं आणि एप्रिलमधल्या एका पहाटे मला त्याच्या छोट्या बोटीत बसवलं.

थंडी मी म्हणत होती. डाव्या हाताला स्टेटन आयलंड, मागे पूल, आणि उजाडायला लागल्यावर समोर खूप लांब व्हेराझानो पुलाची पुसट रेघ. पाणी करडं, शांत. मग एकाएकी बोटीपुढं पाऊस पडल्यासारखं पाणी थरथरलं. "बंकर," तो म्हणाला. बंकर म्हणजे मेनहेडन नावाचा वीतभर लांबीचा चंदेरी मासा. आपल्या तारलीच्या आणि हिल्साच्या गोतावळ्यातला. त्यांचा थवा वर आला होता, आणि थवा वर येतो म्हणजे खालून कुणीतरी पाठलाग करत असतं. तो पाठलाग करणारा म्हणजे स्ट्राइप्ड बास, अंगावर सात-आठ काळे पट्टे असलेला इथला राजा मासा. वसंत ऋतूत रॅरिटनच्या उपसागरात तो बंकरच्या मागं येतो.

पाऊण तासानं गळ लागला. माझ्या सहकाऱ्यानं दहा मिनिटं झुंजून मासा वर आणला आणि माझे डोळेच विस्फारले. चांगला हातभर! मनातल्या मनात मी त्याच्या तुकड्या पाडल्या, आगळ लावलं, रव्यात घोळवलं. डोक्याचं कालवणसुद्धा ठरलं. एवढ्यात त्यानं फळीवर मासा आडवा धरून मोजला. "चौतीस इंच," म्हणाला. गळ सोडवला, शेपटी धरून माशाला दोन वेळा पाण्यात पुढं-मागं केलं आणि सोडून दिलं!

"अरे, काय केलंस हे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"ही मादी होती," तो म्हणाला. "आणि चौतीस इंच म्हणजे नियमाच्या बाहेर."

मला वाटलं होतं, लहान मासा सोडायचा आणि मोठा ठेवायचा, असा नियम असेल. इथं उलटंही होतं. २०२३ सालापासून समुद्रातला बास ठेवायचा असेल तर तो २८ इंचांहून कमी चालत नाही आणि ३१ इंचांहून जास्तही चालत नाही. तोही माणशी दिवसाला एकच. लहान मासा सोडायचा, कारण त्यानं अजून अंडी घातलेली नाहीत. मोठा सोडायचा, कारण खरी अंडी तोच घालतो. १२ पौंडांची मादी साधारण साडेआठ लाख अंडी घालते, पण ५५ पौंडांची मादी घालते ४२ लाख. म्हणजे थोरली मादी मारणं हे व्याज खाण्यासारखं नाही, मुद्दल खाण्यासारखं आहे. गळसुद्धा ठरलेला. आमिष लावून बास धरायचा असेल तर २०२१ पासून आत वळलेला गोल गळच वापरावा लागतो. तो माशाच्या पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडलेला मासा जगतो.

थोड्या वेळानं दुसरा मासा लागला, २९ इंचांचा. तो बर्फात गेला. धक्क्यावर परत आलो तर वन्यजीव खात्याचा गणवेशधारी अधिकारी हजर. त्यानं खोकं उघडायला लावलं, मासा मोजला, सहकाऱ्याची नोंदणी पाहिली आणि "दिवस चांगला जावो" म्हणून पुढं गेला. माझ्याकडे मासाही नव्हता आणि गळही नव्हता, तरी मला घाम फुटला होता. इमिग्रेशनच्या खिडकीपुढं उभं राहिलं की फुटायचा ना, अगदी तस्सा!

घरी येताना गाडीत त्यानं मला बासचा इतिहास सांगितला. पुढं मी तो स्वतः वाचूनही काढला. १९७० च्या दशकाच्या शेवटी बास इतका कमी झाला की अमेरिकन काँग्रेसनं १९८४ साली त्याच्यासाठी खास कायदा केला. चेसापीकच्या उपसागरात बासची मुख्य पैदास होते. तिथं मेरीलँड राज्यानं १९८५ पासून पाच वर्षं बास धरायला संपूर्ण बंदी घातली. न्यू जर्सीत तर आजही बास विकायलाच परवानगी नाही. स्वतः धरा आणि स्वतः खा. दहा वर्षांत मासा परत आला आणि १९९५ साली "आता बास सावरला" असं जाहीर झालं. गोष्ट इथं संपली असती तर साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली असती. पण सावरला म्हटल्यावर लोक पुन्हा तुटून पडले. २०१९ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा सांगितलं की मासा प्रमाणाबाहेर धरला गेलाय. तेव्हापासून चेसापीकमध्ये नवी पिल्लंही सातत्यानं कमीच दिसताहेत. म्हणून ही २८ ते ३१ ची फूटपट्टी.

बंकरचीही तीच तऱ्हा. माणसं तो खात नाहीत, पण त्याचं तेल निघतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी रोज ज्या ओमेगा-थ्रीच्या पिवळ्या गोळ्या घेतो तसल्या गोळ्यांत ते जातं. बास खाणार बंकर, देवमासे खाणार बंकर आणि आम्ही गोळ्यांतून गिळणारही बंकरच! अखेर २०१२ साली अटलांटिक किनाऱ्याच्या सर्व राज्यांनी मिळून बंकर किती धरायचा याची पहिल्यांदा हद्द ठरवली. त्यानंतरच्या वर्षांत न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत बंकरच्या मागं आलेले देवमासे लोकांना दिसू लागले आहेत. नुसत्या एका कागदामुळे देवमासे आले असं कुणी म्हणणार नाही, पण ताटात वाढलेलं असलं की पाहुणे येतात, एवढं तर खरं.

हे सगळं वाचून "पाहा, अमेरिका कशी शिस्तीची!" असं म्हणायचा मोह होतो. आपल्याला तो जरा लवकरच होतो. पण इथलं शहाणपण हे सगळं गमावून झाल्यावरचं आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पाचशे वर्षं कॉड मासा धरत होते. एके काळी टोपली बुडवली तरी कॉड वर येतो अशी ख्याती. मोठमोठी यांत्रिक जहाजं आली, जाळी समुद्राचा तळ खरवडू लागली, आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. दोन वर्षांची म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. म्हणजे ३२ वर्षं! आणि उठली तीही वर्षाला फक्त १८,००० टनांच्या हद्दीसह. त्या कोळ्यांच्या मुलांनी तोवर दुसऱ्या गावी जाऊन दुसरे धंदे धरले होते.

उलट बाजूही आहे. आमच्या न्यू जर्सीच्या बार्नेगट लाइट आणि केप मे ह्या बंदरांवर स्कॅलप नावाचा शिंपला उतरतो. १९९४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडसमोरच्या जॉर्जेस बँकचे मोठे पट्टे मासेमारीला बंद केले. पाच वर्षांनी त्यातला काही भाग उघडला तर शिंपल्यांचा खच! तेव्हापासून शेतकरी जसा एखादं वावर पड ठेवतो तसे समुद्राचे तुकडे आळीपाळीनं पड ठेवतात आणि पिल्लं निसटून जावीत म्हणून जाळ्याच्या कड्या चार इंचांच्या असतात. कॉड बुडाला, स्कॅलप तरला. फरक एवढाच की एकाला वेळेवर श्वास घेऊ दिला आणि दुसऱ्याला नाही.

त्या वर्षीच्या भारतवारीत मी मुद्दाम सातपाटीला गेलो. लहानपणी आजोबांचं बोट धरून एस.टी.नं जायचो. पापलेटसाठी सातपाटीचं नाव तेव्हा मुंबईच्या बाजारातही वजन राखून होतं, आणि आजही आहे. कोळ्यांच्या सहकारी संस्था इथं चांगल्या रुजलेल्या. आजोबा सांगायचे, आषाढ-श्रावणात होड्या वर ओढलेल्या असतात, समुद्राला सुट्टी असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की मग पहिली होडी पाण्यात. मला तेव्हा वाटायचं, वादळाची भीती म्हणून थांबतात. ती भीती होतीच. पण त्या निमित्तानं मासळीलाही दोन-अडीच महिने मोकळे मिळत. मग इंजिनं आली, लोखंडी ट्रॉलर आले, आणि वादळाचा नियम पुरेना. तेव्हा सरकारला नियम करावा लागला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा, तो २०२१ मध्ये सुधारला. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पण नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते. म्हणजे आजोबांच्या वेळचा अलिखित नियम आजच्या लेखी नियमापेक्षा लांब होता!

बाजारात एक मावशी पापलेटचा वाटा लावून बसल्या होत्या. पापलेटं कसली, माझ्या तळहातावर दोन मावली असती. ह्या पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. माझं हे ज्ञान ताजं होतं, आणि ताजं ज्ञान पोटात राहत नाही.

"मावशी, ही फार लहान नाहीत का? आता नियम झालाय ना?"

मावशींनी माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. "कुठनं आलास भाऊ?"

"पालघरचाच. आता अमेरिकेत असतो."

"मग तुला काय सांगू? जाळं काय फूटपट्टी घेऊन जातं का पाण्यात? वर ओढलं की आत असेल ते आलं. तोवर ते मेलेलं असतं. आता टाकू परत? कुणासाठी, कावळ्यासाठी?"

मी गप्प. मावशी थांबायला तयार नव्हत्या. "आमच्या बोटीनं मोठ्या आसाचं जाळं नेलं, तर बाजूची बोट लहान आसाचं जाळं घेऊन येते नि सगळं घेऊन जाते. आम्हीच एकट्यानं उपास करायचा? डिझेलचा भाव बघितलास? आणि घेतं कोण ही पापलेटं? तुमच्यासारखेच ना! अख्खं ताटात मावलं पायजे, तुकडा नको, शेपटीसकट पायजे. मोठं दाखवलं तर म्हणतात महाग. लहान आहे म्हणून तर घेतात."

पंचवीस वर्षं इंजिनिअरिंगमध्ये काढली, पण मामला इतका स्वच्छ कुणी मांडून दाखवला नव्हता. आस म्हणजे जाळ्याचं भोक. कारखान्यात आपण 'गो, नो-गो' गेज वापरतो. भोकातून गेला तो भाग वेगळा, अडला तो वेगळा. समुद्रात जाळं हेच गेज असतं. गळानं धरलेला बास मोजून परत सोडता येतो, जाळ्यात आलेलं पापलेट सोडता येत नाही. म्हणून पापलेटचा नियम बाजारातल्या फूटपट्टीवर चालणार नाही, तो जाळ्याच्या आसातच असायला हवा. आणि तो एका बोटीनं पाळून भागत नाही. एकानं पाळला तर तो उपाशी, सगळ्यांनी पाळला तर सगळे सुखी. म्हणजे मावशींचं चुकलं असं म्हणायची सोय नाही. त्यांच्या शेजारच्या बोटीचंसुद्धा तिच्यापुरतं बरोबरच आहे. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि समुद्र रिकामा!

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. गेल्या ४५ वर्षांतली ती सर्वांत कमी. त्या वर्षी वादळंही फार झाली, हे खरं. पण चांगल्या हवेच्या वर्षीदेखील सातपाटीत जुनी माणसं "पूर्वीसारखं राहिलं नाही" एवढंच म्हणतात. दोष एकट्या जाळ्याचाही नाही. कारखान्यांचं सांडपाणी आहे, २०२४ साली पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराची धास्ती आहे. कोळ्याला एका बाजूनं समुद्र आखडतोय आणि दुसऱ्या बाजूनं किनारा.

मावशींचं शेवटचं वाक्य मात्र विमानात माझ्याबरोबर नूअर्कपर्यंत आलं. घेतं कोण? आम्ही घेतो. मुंबईत बसून घेतो तसे आयसेलिनमध्ये उभे राहूनही घेतो.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी ओकट्री रोडवर त्या बंदरापुढं उभा राहिलो आणि पहिल्यांदा पाकीट वाचलं. मोठ्या दुकानांना २००५ पासून मासा कुठल्या देशातला, रानटी की पाळलेला, हे लिहावं लागतं. लहान दुकानांना ती सक्ती नाही, तरी पाकिटावर बहुधा काहीतरी असतंच. वजनाचे आकडेही असतात, शंभर ते दोनशे ग्रॅम, दोनशे ते तीनशे, तीनशेच्या वर. सगळ्यात जास्त पाकिटं सगळ्यात लहान आकड्याची. दुकानाचे मालक गुजराती, घरी अंडंसुद्धा न शिवणारे. पण गिऱ्हाईक ओळखण्यात मावशींच्या तोडीचे. मला घुटमळताना पाहून म्हणाले, "छोटावाला लो साहब, अभी आया है. बडा पडा रहता है, छोटा दो दिन में खतम." सातपाटी ते आयसेलिन, सिद्धांत एकच!

लहान पाकीट घेतलं. घरी बर्फ वितळल्यावर मुलीची शाळेतली फूटपट्टी लावली. पंधरा सेंटीमीटर. म्हणजे कायद्यानं नापास नाही, पण काठावर पास. हेच पापलेट पुरतं वाढलं तर फूटभर होतं. आमच्या ताटात त्याचं अर्धं आयुष्य होतं.

त्यानंतर मी जे केलं ते काही क्रांतिकारक नाही. एडिसनच्या एका कोरियन दुकानात ताज्या मासळीचा मोठा विभाग आहे, तिथं गेलो. बर्फावर एक मासा दिसला. चपटा, चंदेरी, गोलसर, दुभंगलेली शेपटी. मला वाटलं पापलेटच. पाटीवर लिहिलं होतं 'बटरफिश'. हा इथल्याच अटलांटिकमधला. र्‍होड आयलंड, न्यूयॉर्क, न्यू जर्सीच्या बोटींना मिळतो, आणि शास्त्रज्ञांनी त्याला पापलेटच्याच कुळात घातलंय. थोडक्यात, सख्खा चुलतभाऊ! दर वर्षी किती धरायचा याची हद्द ठरलेली, आणि २०१४ च्या पाहणीत त्याचा साठा चांगला असल्याचं दिसलं होतं.

सहा घेऊन आलो. बायकोनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं व्याख्यान देऊन शेवटी पिल्लंच आणलीस ना?"

इथं माझ्या आयुष्यातला एक दुर्मिळ क्षण आला, तो म्हणजे माझं बरोबर असण्याचा. फूटपट्टी लावली तर मासे सतरा-अठरा सेंटीमीटरचे, पापलेटहून थोडेसेच मोठे. पण बटरफिश वर्षभरात, बारा सेंटीमीटरच्या आसपास वयात येतो आणि तीनेक वर्षांत त्याचा संसार आटोपतो. म्हणजे त्या दिवशी फळीवर होती ती पिल्लं नव्हती, चांगली नातवंडं पाहिलेली मंडळी होती. फूटपट्टीवर जवळजवळ सारखेच दिसणारे दोन चुलतभाऊ, एक शाळकरी आणि दुसरा पेन्शनर! तेव्हा नुसता आकार पाहून चालत नाही. कुठला मासा, कुठून आलाय आणि त्यानं निदान एकदा तरी अंडी घातलीत का, एवढं विचारावं लागतं.

चवीचं म्हणाल तर हळद, तिखट, आलं-लसूण, आगळ आणि वरून रवा, अशा नेहमीच्या पद्धतीनं तळला. पापलेटपेक्षा अंमळ तेलकट, काटा जरा बारीक. मुलीनं दोन खाल्ले. बायकोनं "कालवणाला पापलेटच बरं, तळायला हा चालेल" असा निकाल दिला. तिच्या कोर्टात याहून चांगला निकाल मी आजवर ऐकलेला नाही.

पापलेट आम्ही सोडलेलं नाही. सोडवणारही नाही, आणि सोडून सातपाटीचं भलं होईल असंही नाही, कारण ती माणसं त्याच्यावरच जगतात. पण आता महिन्यातून एकदा आणतो आणि मोठं आणतो. तुकड्या कराव्या लागतात, ताटात शेपूट दिसत नाही, किंमत बोचते. कुणी म्हणेल, मोठी मादी तर जास्त अंडी घालते, मग ती का खावी? मुद्दा रास्त आहे. इथं बासची दोन्ही टोकं राखतात. आपण पापलेटचं निदान एक टोक राखू. निदान एकदा तरी त्याचा पाळणा हललेला असू दे.

परवा आईचा पालघरहून फोन होता. "अरे, पापलेटला हात लावायची सोय नाही, बांगडे आणले," म्हणाली. म्हटलं, बांगडे उत्तम. मग तिनं विचारलं, तिकडे नारळी पौर्णिमेला काय करता? खरं सांगायचं तर आजवर काहीच करत नव्हतो. गेल्या वर्षी मात्र पर्थ अँबॉयच्या धक्क्यावर गेलो होतो. पाण्यात नारळ टाकून वर दंडाची पावती नको, म्हणून काठावर उभं राहून नुसता नमस्कार केला आणि नारळ घरी आणून भात केला. शेजारी एक माणूस गळ टाकून बसला होता. त्याला एक लहान मासा लागला. त्यानं मोजला आणि सोडून दिला. माझी मुलगी आनंदानं टाळ्या वाजवायला लागली. तिला सातपाटी धड आठवत नाही, पण तिनं नेमकं काय पाहिलं ते तिला कळलं होतं.

आता दुकानाचे मालक मला पाहिलं की फ्रीझरच्या तळातून शोधून मोठं पाकीट काढून देतात. "साहब, आपके सिवा कोई नहीं लेता," म्हणतात. पुढच्या शनिवारी तुम्ही ओकट्री रोडला आलात तर तेवढं त्यांचं म्हणणं खोटं पाडून जा!